मदर करेज : शेवटी रडू आले, म्हणजे नाटक फसले का?

कोपऱ्यातली खुर्ची (धागाकर्ता)

आमचा आठ जणांचा वाचनगट आहे. दर रविवारी सकाळी एकाच्या घरी जमायचे, नाटकातील पात्रे वाटून घ्यायची आणि मोठ्याने वाचायचे, एवढाच त्याचा शिरस्ता. गेले दोन महिने आम्ही जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त यांचे 'मदर करेज अँड हर चिल्ड्रेन' हे नाटक इंग्रजी भाषांतरातून, अडेल तेथे मराठीत सांगत, वाचत होतो. या नाटकातील काट्रिन मुकी आहे. त्यामुळे हे पात्र ज्यांच्या वाट्याला आले त्या बाईंना वाचण्यासारखे काहीच नव्हते. अकराव्या प्रवेशाच्या दिवशी मात्र त्यांनी स्वयंपाकघरातून पत्र्याचा एक रिकामा डबा आणि उलथने आणले, आणि झोपलेल्या शहराला जागे करण्यासाठी काट्रिन छपरावर चढून ढोल बडवू लागते तेथपासून त्या डबा वाजवत राहिल्या. आम्ही बाकीचे शिपायांचे आणि शेतकऱ्यांचे संवाद त्या आवाजावर ओरडून वाचत होतो. गोळी सुटल्याची रंगसूचना आली, डबा थांबला, आणि पुढचे वाक्य ज्यांचे होते त्यांना ते वाचता येईना.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळ युरोपातील तीस वर्षांच्या युद्धाचा, म्हणजे १६१८ ते १६४८ या वर्षांचा. नाटक त्यातील १६२४ ते १६३६ एवढा तुकडा घेते. आना फीर्लिंग ही बाई गाडी घेऊन सैन्यामागून हिंडते आणि शिपायांना दारू, पट्टे, बूट, कोंबडे असे काय काय विकते. पानिपताच्या कथांमुळे आपल्याला 'बाजारबुणगे' हा शब्द ठाऊक आहे. ही बाई नेमकी त्यांतली. 'करेज' हे नाव तिला का पडले, तर रीगा शहरावर तोफा चालू असताना ती पन्नास पाव घेऊन त्या माऱ्यातून गाडी हाकत गेली म्हणून. आणि ती तशी का गेली, तर पावांना बुरशी येऊ लागली होती म्हणून. तिला तीन मुले आहेत, शूर आयलीफ, प्रामाणिक 'स्विस चीज' आणि मुकी, कनवाळू काट्रिन. युद्धावर जगणाऱ्या या बाईची तिन्ही मुले युद्ध घेऊन जाते, आणि ती गाडी ओढत पुन्हा सैन्यामागे चालू लागते.

आता प्रश्न. प्रेक्षकाने पात्राशी तादात्म्य पावून अश्रू ढाळू नयेत, डोके जागे ठेवून पाहावे, यासाठी ज्याने एपिक रंगभूमीची सारी खटपट केली, त्याच्याच सर्वांत गाजलेल्या नाटकात आम्ही आठ शहाणीसुरती माणसे रडलो. हा दोष आमचा, तंत्राचा, की त्या तंत्राविषयी आपण ज्या समजुती बाळगून आहोत त्यांचा?

तिसरी घंटा

आपल्या गटापूर्वी झुरिचचे प्रेक्षक रडले आहेत, तेव्हा संकोच नसावा. ब्रेख्त यांनी हे नाटक १९३९ च्या शरद ऋतूत, स्वीडनमध्ये परागंदा असताना लिहिले. पहिला प्रयोग १९ एप्रिल १९४१ रोजी झुरिचच्या शाउश्पीलहाउस या नाट्यगृहात झाला. करेजची भूमिका तेरेसे गीझे यांनी केली होती. युद्धाच्या ऐन धुमाळीतला तो प्रयोग परीक्षकांना आवडला, पण जो अर्थ त्यांनी काढला तो लेखकाला रुचला नाही. ग्रीक पुराणातल्या, सगळी मुले गमावून दगड झालेल्या नायोबीसारखी ही शोकमग्न माता, तिची अविनाशी जीवनशक्ती, अशी स्तुती झाली.

ब्रेख्त यांनी त्यावर काय केले ते पाहण्यासारखे आहे, कारण त्यांनी अश्रू आणणारा प्रवेश कापला नाही; बदल केले ते हिशेबाच्या जागी. पहिल्या प्रवेशात भरती करणारा आयलीफला घेऊन जातो तेव्हा आईचे लक्ष कोठे असते? एका सार्जंटला पट्ट्याचे बक्कल विकण्यात. हे बक्कल नंतर आले. पाचव्या प्रवेशात माग्देबुर्गच्या संहारानंतर जखमी शेतकऱ्यांना पट्ट्या हव्या असतात. मूळ संहितेत ती अधिकाऱ्यांचे किमती सदरे स्वतः देते, नव्या संहितेत ते तिच्याकडून हिसकावून घ्यावे लागतात. म्हणजे आईची माया जेथे सहज दिसत होती, तेथे त्यांनी दुकानदारीण पुढे आणली.

त्यानंतर ११ जानेवारी १९४९ रोजी बर्लिनच्या डॉइचेस थिएटरमध्ये हेलेने वायगल यांना करेजच्या भूमिकेत घेऊन, दिग्दर्शक एरिक एंगल यांच्या जोडीने, त्यांनी स्वतः प्रयोग बसवला. प्रेक्षक पडक्या इमारतींच्या ढिगाऱ्यांमधून चालत नाटकाला आले होते आणि रंगमंचावर त्यांना मोडलेल्या जर्मनीतून फिरणारी गाडी दिसत होती. तेही रडले. तेव्हा हा प्रश्न दोनदा विचारून झाला आहे आणि दुसऱ्या वेळी तर लेखक दिग्दर्शक म्हणून समोर हजर होता.

बत्तावणी

मला या सगळ्या चर्चेची गंमत वाटते ती अशी की आपण जर्मन माणसाकडून जे शिकतो आहोत ते आपल्या तमाशात शतकभर आधीपासून आहे. सोंगाड्या वगातून बाहेर येऊन थेट प्रेक्षकांशी बोलतो, गौळणीतली मावशी पुरुष आहे हे कोणी लपवत नाही, ढोलकीवाला समोरच उभा असतो, राजा प्रधानाला गावच्या पाटलाबद्दल टोमणा मारतो आणि पुन्हा राजा होतो. कीर्तनात तर बुवा एकाच उपरण्यात द्रौपदी आणि दुःशासन दोन्ही उभे करतात आणि मध्येच थांबून समोरच्याला विचारतात, "काय, झोप लागली का?" पु. ल. देशपांडे यांनी १९७८ मध्ये ब्रेख्तचे 'तीन पैशाचा तमाशा' केले आणि जब्बार पटेल यांनी ते बसवले तेव्हा ते नाटक परके का वाटले नाही, याचे कारण हेच आहे.

तिसरी घंटा

बत्तावणी, आपण सांगितलेली साधने खरी आहेत, पण साधन सारखे म्हणून काम सारखे होत नाही. सोंगाड्या जेव्हा वगाबाहेर येतो तेव्हा तो आपल्या अधिक जवळ येतो. आपण आणि तो मिळून राजाची टर उडवतो, आणि त्या आनंदात सगळा फड एक होतो. कीर्तनकाराने कथेबाहेर पडून दिलेला चिमटा शेवटी आपल्याला भक्तिरसाकडेच परत नेतो. ब्रेख्त यांना ज्याला दुरावा म्हणायचे होते त्याचा हेतू उलट आहे. रोज पाहून सवयीची झालेली, 'चालायचेच' म्हणून सोडून दिलेली गोष्ट एकाएकी विचित्र वाटावी आणि 'हे असेच का चालावे?' असा प्रश्न पडावा, एवढ्यासाठी तो दुरावा आहे. १९३५ मध्ये मॉस्कोला त्यांनी मेइ लानफांग या चिनी नटाचे काम पाहिले आणि त्यावर लिहिले, तेव्हाही त्यांनी हा भेद सांभाळला. चिनी रंगभूमीकडून तंत्र घ्यायचे, पण त्यामागची श्रद्धा घेता येत नाही, हे ते जाणून होते.

कीर्तनाचा एक मुद्दा मात्र मला फार नेमका वाटतो. आख्यानाचा शेवट श्रोत्याला आधीच ठाऊक असतो, त्यामुळे 'काय होणार' ही उत्सुकता संपते आणि 'कसे झाले' याकडे कान लागतात. करेजमध्ये प्रत्येक प्रवेशाआधी जे मथळे येतात ते हेच करतात. तिसऱ्या प्रवेशाआधी सांगून टाकलेले असते की तिचा प्रामाणिक मुलगा मरणार. अकराव्याआधीही सांगितलेले असते की दगड बोलू लागतो आणि आई मुलीला गमावते.

विंगेतून

मी प्रकाशयोजना आणि नेपथ्य करतो, हौशी. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेसाठी आम्ही या नाटकाचे चार प्रवेश बसवले होते, त्यामुळे तात्त्विक चर्चेपेक्षा मला हाताने केलेल्या गोष्टी आठवतात.

बर्लिनच्या प्रयोगाची छायाचित्रे रूथ बेर्लाऊ यांनी काढली होती आणि त्यांवरून पुढे एक नमुनापुस्तिका तयार झाली. इतर संस्थांनी प्रयोग करताना काय, कसे आणि का केले ते पाहावे यासाठी. त्यातून कळते की रंगमंचावर शक्य तितका पांढरा, सपाट, भरपूर उजेड ठेवला होता. रात्रीचा प्रसंग असला तरी निळा रंग नाही. मला हे सुरुवातीला पटेना, कारण आम्हा प्रकाशवाल्यांची अर्धी कमाई त्या निळ्यावरच असते. आम्ही ढोलाच्या प्रवेशात एकदा निळसर अंधार करून पाहिला आणि एकदा सगळे दिवे लावून. अंधारात काट्रिन 'हुतात्मा' दिसली. सगळ्या उजेडात दिसली ती शिडी वर ओढून घेताना तिला लागलेली धाप, खाली गोंधळलेला अधिकारी, आणि 'आमचे घर जाळतील' म्हणून तिला शिव्या देणारी शेतकरीण, जी दोन मिनिटांपूर्वी गुडघे टेकून त्याच शहरासाठी प्रार्थना करत होती. उजेडात रडू कमी आले असे नाही, पण आपण कोणाकोणाकडे पाहतो आहोत हे कळत होते.

गाण्यांचेही तसेच आहे. पाउल डेसाउ यांच्या चालींवर गाणे सुरू होताना वरून एक चिन्ह खाली येई, त्यात तुतारी, ढोल, निशाण आणि दिवे होते. नेपथ्यकार टेओ ओटो यांनी केलेले. पात्राला भावना अनावर झाली म्हणून ते गाऊ लागले असे वाटू नये, गाणे ही वेगळी गोष्ट आहे हे उघड दिसावे, हा हेतू. आपल्या संगीत नाटकात नट ऑर्गनच्या सुरावर अलगद पदात शिरतो. येथे दाराची कडी वाजवून आत जायचे.

अवांतर: आमची गाडी सायकलच्या चाकांची होती आणि फिरता रंगमंच अर्थातच नव्हता. बर्लिनमध्ये रंगमंच उलट फिरे आणि गाडी चालत राही, म्हणजे बाई चालते चालते आणि तेथेच राहते. आम्ही ती कसर गाडी गोल फिरवून भागवली आणि एका फेरीत चाक निखळले.

कोपऱ्यातली खुर्ची

सर्वांचे आभार. 'विंगेतून' यांनी शेतकरणीचा जो उल्लेख केला त्यावरून आम्ही तो प्रवेश पुन्हा काढून वाचला. काट्रिन उठते ती नेमकी कधी? शेतकरीण प्रार्थनेत म्हणते की आत शहरात आपल्या नात्यातली चार लहान मुले आहेत, तेव्हा. ब्रेख्तने कोणताही मोठा शब्द वापरलेला नाही, 'मुले' एवढाच शब्द ऐकून मुकी मुलगी ढोल घेऊन वर चढते. आणि त्या वेळी तिची आई कोठे असते? त्याच हाले शहरात, लोक घाबरून पळताना माल स्वस्तात टाकून जात आहेत म्हणून खरेदीला गेलेली. हे पहिल्या वाचनात आमच्या लक्षातच आले नव्हते.

उत्तररंग

मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. आपण सगळे मिळून ब्रेख्तची वकिली करतो आहोत. काट्रिन ही या नाटकातील एकमेव व्यक्ती आहे जी काही साध्य करते. तिच्या ढोलामुळे शहर जागे होते आणि तोफा ऐकू येतात. तो प्रवेश सरळसरळ वीररसाचा आहे, त्यात ताण आहे, शिगेला जाणे आहे, बळी आहे. ज्या नाट्यपद्धतीला ब्रेख्त नावे ठेवत होते तिचीच सर्व हत्यारे त्यांनी तेथे वापरली आहेत. मग एपिक रंगभूमी ही केवळ भाषणाची गोष्ट होती आणि नाटककाराची प्रतिभा ऐनवेळी जुन्या मार्गानेच गेली, असे म्हणण्यास काय हरकत आहे?

तिसरी घंटा

हरकत एवढीच आहे की स्वतः ब्रेख्त यांनी भावना हद्दपार करण्याची भाषा क्वचितच केली. १९३० साली 'माहागोनी' या ऑपेरावरील टिपणांत त्यांनी नाट्यात्म आणि एपिक रंगभूमीची ती प्रसिद्ध दोन रकान्यांची तुलना दिली, जी आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. पण त्याच जागी त्यांनी असेही नोंदवले आहे की हे परस्परविरोधी टोकाचे प्रकार नसून कोठे भर द्यायचा यातला फरक आहे. ही नोंद मात्र पाठ्यपुस्तकात उतरत नाही, रकाने तेवढे उतरतात.

आणि काट्रिनचा प्रवेश एकटा उभा नाही. त्याच्या पुढे बारावा आहे. वीररस जर नाटकाचा शेवट असता तर पडदा तोफांच्या आवाजावर पडला असता.

माझ्या मते या नाटकातील दुराव्याचे खरे साधन मथळे, दिवे, त्यांचा तो अर्ध्या उंचीचा पडदा यांत नाही; ते तिसऱ्या प्रवेशातील ऐंशी गिल्डरमध्ये आहे. 'स्विस चीज' रेजिमेंटच्या खजिन्याची पेटी लपवताना पकडला जातो. त्याला सोडवण्यासाठी दोनशे गिल्डर द्यावे लागणार. करेज गाडी गहाण टाकायला तयार होते, कारण पेटीतले पैसे हाती आले की गाडी सोडवून घेता येईल. मग कळते की मुलाने पेटी नदीत फेकली. आता गाडी गेली ती गेलीच. येथे ती एकशेवीस देऊ करते, कारण उरलेल्या ऐंशीत पाठीवरच्या गाठोड्याचा माल भरून पुन्हा धंदा सुरू करता येईल, आणि नाहीतर काट्रिनला घेऊन खायचे काय? मध्यस्थ बाई धावत येते, जाते, पुन्हा येते. शेवटी करेज दोनशेला तयार होते, आणि मग बसून म्हणते की आपण फार वेळ घासाघीस केली वाटते. तेवढ्यात पडघम वाजतात.

या हिशेबात चूक काढून दाखवा. बाजारात उभ्या असलेल्या कोणत्याही बाईने हाच केला असता. दोन मुले जगवायची तर एकावर सगळे भांडवल लावता येत नाही. प्रत्येक पायरी शहाणपणाची आहे आणि जिन्याच्या तळाशी प्रेत आहे. आपण तिला क्रूर म्हणू शकत नाही आणि निर्दोषही म्हणू शकत नाही, त्यामुळे नजर तिच्यावरून हटून त्या बाजाराकडे जाते ज्यात मुलाचा भाव ठरतो. मी याला दुरावा म्हणतो. त्यासाठी दिवा लागत नाही.

विंगेतून

आणि त्यानंतरचे ते प्रसिद्ध मौन. गोळ्यांचा आवाज ऐकून वायगल मान मागे टाकून तोंड उघडत, पूर्ण उघडत, आणि आवाज काढत नसत. नमुनापुस्तिकेत ब्रेख्त यांनी त्याविषयी लिहिले आहे की ही मुद्रा बहुधा एका वृत्तपत्रीय छायाचित्रावरून आली असावी. सिंगापूरवरील बाँबवर्षावात मेलेल्या मुलाच्या प्रेताशी बसलेल्या एका भारतीय बाईचे ते छायाचित्र. बर्लिनच्या रंगमंचावरील, सतराव्या शतकातल्या जर्मन फेरीवालीचा तो आ वासलेला चेहरा आपल्याच कोणा बाईचा होता, हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. लगेच पुढे मुलाचे प्रेत आणतात आणि ओळखायला सांगतात, तेव्हा तिला मान हलवून 'नाही' म्हणायचे असते, कारण 'हो' म्हटले तर उरलेल्या दोघींचाही जीव जाईल. आमच्या नटीला किंचाळी जमत होती. ही मान हलवणे तीन आठवडे जमले नाही.

बत्तावणी

'तिसरी घंटा' यांचा जिना मला मान्य. तमाशाचा माझा दावा मी पूर्ण मागे घेत नाही, पण एवढे कबूल करतो की आपल्या वगात सावकार लुटतो आणि गरीब लुटला जातो. गरीब बाई स्वतःच दुकान मांडून लुटीत वाटेकरी होऊ पाहते आणि म्हणून बुडते, हा पेच मी वगात पाहिलेला नाही.

एक शंका. आयलीफचे काय? दुसऱ्या प्रवेशात शेतकऱ्यांना कापून त्यांचे बैल पळवले म्हणून सेनापती त्याला तंबूत बोलावून मांस वाढतो, आणि आठव्यात तेच कृत्य केले म्हणून त्याला मारतात. मला हा प्रसंग फार ढोबळ वाटला.

उत्तररंग

ढोबळ आहे खरा, पण त्यातील मधली गोष्ट ढोबळ नाही. नाटकात मधल्या काळात युद्ध थांबलेले असते. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ १६३२ मध्ये ल्युत्सेनच्या लढाईत पडला, तात्पुरती शांतता आली, आणि युद्धातला पराक्रम एका आठवड्यात खून ठरला. त्याची आई तेव्हा शांततेमुळे भाव कोसळण्याआधी माल विकायला बाजारात गेलेली असते. तिला मुलगा मेल्याचे कोणी सांगतच नाही. नाटकाच्या अगदी शेवटी ती सैन्यामागे निघते ती आयलीफ भेटेल या आशेवर, आणि हे फक्त आपल्याला ठाऊक असते. माझा वरचा आक्षेप मी थोडा सौम्य करतो. ब्रेख्त यांना रडू चालत होते, पण रडणाऱ्याला पात्रापेक्षा जास्त माहीत असले पाहिजे, अशी त्यांची अट दिसते.

फ्रीडरिश वोल्फ या नाटककाराने त्यांना विचारले होते की करेज शेवटी काही शिकताना का दाखवली नाही. सहाव्या प्रवेशात काट्रिनचा चेहरा फाटतो तेव्हा ती युद्धाला शाप देते खरी. सातव्यात, जो जेमतेम एका गाण्याएवढा आहे, ती धंद्याच्या भरभराटीत युद्धाची बाजू घेते. ब्रेख्त यांचे म्हणणे असे की ती शिकली नाही तरी तिला पाहणारे शिकू शकतात.

कोपऱ्यातली खुर्ची

कालच्या रविवारी आम्ही बारावा प्रवेश वाचला. या वेळी करेजचे संवाद त्याच बाईंनी घेतले, ज्यांनी डबा वाजवला होता. वायगल शेवटी काट्रिनच्या दफनासाठी शेतकऱ्यांना पैसे देताना कमरेच्या चामडी पिशवीतून नाणी काढत, त्यातले एक परत पिशवीत टाकत आणि उरलेली देत, हे मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी काही न बोलता स्वतःची पर्स उघडून नाणी टेबलावर मांडली आणि विचारले की परत ठेवायचे ते मोठे की लहान. यावर आमच्यात अर्धा तास गेला. 'विंगेतून', तुमच्या प्रयोगात काय केले होते?

विंगेतून

दोन्ही करून पाहिले. मोठे नाणे परत ठेवले तेव्हा तालमीला बसलेली मंडळी हसली, कारण ती कंजूष म्हातारी झाली. लहान ठेवले तेव्हा कोणी हसले नाही; उद्याच्या मालासाठी तेवढे कमी पडत होते, असे दिसले. आम्ही लहान ठेवले.